गोफणआत्याची राखण

आमच्या गोफणआत्याचा हात तिच्या तोंडाच्या आधी चालायचा. समोरच्यानं काही चुकवलंय अशी नुसती शंका आली की पहिल्यांदा चपराक बसायची आणि मग "काय रं, काय केलंस?" अशी चौकशी सुरू व्हायची. चौकशीत माणूस निर्दोष निघालाच, तर तिला वाईट वगैरे वाटत नसे. "असू दे, फुडं कवातरी करशीलच की," म्हणायची आणि कामाला लागायची. "आधी हात, मग बात" हे तिचं ब्रीद. आमच्या भावकीत तिच्या हातची न खाल्लेला एकही पुरुष नव्हता. मी स्वतः चारदा खाल्ली. त्यातल्या तीन मला तेव्हाच मान्य होत्या.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. गावातल्या गावातच दिलेली, तिशीच्या आत विधवा झालेली. पदरी एक मुलगी, कौसल्या. आम्ही सगळे तिला कौसा म्हणायचो. आणि स्टेशनाला लागून असलेलं काळंभोर रान. दिरांनी त्या रानावर डोळा ठेवला तेव्हा आत्या पदर खोचून माळ्यावर चढली. ज्वारीच्या उभ्या पिकात चार बल्ल्या रोवून वर फळ्या टाकायच्या, त्यावर उभं राहून पाखरं हाकायची, तो माळा. पाखरं हाकायला दोरीची गोफण आणि तिच्यात घालायला मातीचे वाळवलेले गोळे. त्यांना आम्ही गुंडे म्हणतो. दीर बांध कोरायला आला की गुंडा त्याच्या पायाजवळच्या ढेकळावर फुटायचा. दुसऱ्यांदा आला की पायावर. तिसऱ्यांदा कुणी दीर आल्याचं ऐकिवात नाही.

तिचा नेम म्हणजे गावाच्या अभिमानाची गोष्ट होती. पण राघू कणसावर बसला तर ती राघूला मारत नसे, गुंड्यानं शेजारचं ज्वारीचं ताट हलवायची. "गुंडा हाकलायसाठी असतो. जीव घ्यायला देव बसलाय, त्याचं काम आपुन कशाला करावं?" माणसांच्या बाबतीत मात्र ती इतकी हळवी नव्हती.

मी त्या वेळी बावीस वर्षांचा होतो. उर्दू शाळेत फोकानियापर्यंत, म्हणजे मॅट्रिकच्या उंबऱ्यापर्यंत पोचून दोनदा त्याच उंबऱ्याला ठेचकाळलेला. घरात मी शिकलेला म्हणून शेतात कामाचा नाही, आणि नापास म्हणून कचेरीत कामाचा नाही. आत्यानं मला गोफण शिकवायचा घाट घातला. पहिला गुंडा माझ्याच कानशिलाला लागला. दुसरा मागं गेला आणि पाटलांच्या म्हशीला. तिसरा कुठं गेला ते आजतागायत कळलेलं नाही. आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "रामा, तुझ्यासमोर उभा ऱ्हायला ना, त्यो सगळ्यात सुखी माणूस."

आमचं स्टेशन पिंगळीच्या पुढचं. नाव सांगून उपयोग नाही, परभणीच्या तिकीटबाबूलासुद्धा ते दोनदा सांगावं लागायचं. मुरुमाचा फलाट, एक पत्र्याचं छप्पर, दोन कंदील, दोन बाकडी, पाण्याचे दोन रांजण. एक हिंदूंचा, एक मुसलमानांचा. मद्रासकडचे एक अशक्त स्टेशनमास्तर आणि कासम नावाचा रूळ बदलणारा सांधेवाला, एवढाच फौजफाटा. निजामाच्या राजवटीचं ते शेवटचं वर्ष. राज्य चाललंय हे सगळ्यांना कळत होतं, कधी जाणार हे कुणालाच कळत नव्हतं, आणि अशा मधल्या वेळात गुंडांचं फावतं. कसब्याच्या गावातला एक पैलवान म्हणून होता. त्यानं वीसेक जणांची टोळी जमवली. अंगात खाकी शर्ट घालायचे, म्हणून लोक त्यांना खाकीवाले म्हणायचे. टोळीत सगळ्या जातीधर्माचे होते; लुटीला सोवळं नसतं. ते दिवसाढवळ्या स्टेशनावर यायचे, कंदिलाच्या काचा फोडायचे, बाकडं मोडून चहाला जाळायचे, गाडीतून उतरणाऱ्या बायकांच्या गळ्यात हात घालायचे. एका बाईच्या कानातली फुलं त्यांनी पाळीसकट ओढून नेली. पोलीस तालुक्याहून यायचे, पान खायचे, पैलवानाशी हसायचे आणि परत जायचे.

आता लाजेची गोष्ट सांगतो. त्या फुटलेल्या काचांत एक काच माझी होती. स्टेशन निजामाचं, कंदील निजामाचा, तेव्हा तो फोडला की आपण स्वातंत्र्यसैनिक, असा माझा सोपा हिशेब होता. एका दुपारी कुणी नाही असं पाहून मी हातानंच धोंडा मारला. गोफणीनं मारला असता तर कंदील वाचला असता. आत्या बांधावरून बघत होती. फलाटावर आली आणि तिनं अशी चपराक दिली की मला निजामाचं राज्य दोन दोन दिसायला लागलं.

"आत्या, हे सरकारी हाय!" मी ओरडलो.

"राज्य कुणाचंबी असू दे. अंधारात पाय कुणाचा मोडतो? निजामाचा? त्यो कवा उतरला रं हितं?"

हीच ती चौथी चपराक. आज मी तीही मान्य करतो.

त्या सुमारास स्टेशनमास्तर एक कागद घेऊन चावडीवर आले. त्यांचं मराठी म्हणजे तेलुगू, तमिळ आणि हातवारे. तरी सगळ्यांना कळलं. वरून हुकूम आला होता. स्टेशनावर आणखी एकदा मोडतोड झाली, गाडीवर आणखी एक दगड पडला, तर पॅसेंजर इथं थांबायची बंद होणार. गावकऱ्यांनी माना हलवल्या. गाडी थांबली नाही तर पिंगळीपर्यंत चालत जाऊ, असं म्हणून लोक उठायलाही लागले होते.

आत्या उठली नाही. कौसा नांदेडच्या बाजूला दिलेली होती आणि तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण ही नुसती रीत नव्हती. कौसाची जाऊ त्याच घरात, त्याच खोलीत, बाळंतपणात गेली होती. सासूनं सुईणीऐवजी अंगारा आणला होता. बैलगाडीनं आणावं तर वाटेत गाड्या अडवून माणसं कापल्याच्या बातम्या रोज येत होत्या. सासऱ्यानं निरोप पाठवला होता, की आगगाडीनं नेणार असाल तर पाठवतो, गाडीवाटेनं नाही. गाडी थांबली नाही तर तोवर आठवा लागलेली बाई पिंगळीवरून रानावनातून चालत येणार होती काय?

"गाडी थांबलीच पायजे," आत्या म्हणाली. "उद्यापास्नं ठेसनाची राखण. घरटी एक माणूस. ज्वारी राखतो तशी."

"आणि खाकीवाले?" कुणीतरी विचारलं.

"पाखरंच की ती बी. जरा मोठाली."

दुसऱ्या दिवशी तिनं स्टेशनाच्या कुंपणाला लागून, पण आपल्याच रानात, नवा माळा घातला. फलाट त्यावरून तळहातासारखा दिसायचा. स्टेशनमास्तर घाबरून धावत आले. "अम्मा, परमिशन?" आत्या वरूनच म्हणाली, "माझ्या रानात पाखरं हाकायला कुणाची परमिशन? तुमच्या फलाटावर बसत्यात, त्येला मी काय करू?"

मग कामं सुरू झाली. पुरुषांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, बाकडी ठोकली, कंदिलांना तारेची जाळी बसवली. बायका तर शनिवारी शेणाचा सडा घेऊन आल्या आणि त्यांनी अख्खा फलाट सारवून काढला. वर तिकीटखिडकीसमोर रांगोळी. स्टेशनमास्तरांना रडावं की हसावं कळेना. वरचे साहेब आले तर काय सांगायचं, या चिंतेनं त्यांनी दोन दिवस जेवण सोडलं. साहेब आले. बूट काढून फलाटावर चढले. त्यानंतर स्टेशनमास्तर आत्याला वाकून नमस्कार करायला लागले.

राखणीचे नियम आत्याचे. पहिला, गुंडा मातीचाच. रुळाखालची काळी खडी उचलायची नाही. "मातीचा गुंडा लागला की फुटतो, माणूस उठून पळतो. खडी फुटत न्हाई, आत शिरती. आनि रुळाखालचं काढलं तर गाडी काय हवेवर चालंल?" दुसरा, एकानं आरोळी दिली की सगळ्यांनी एकाच ठिकाणी मारायचं. ही शेताची जुनी रीत. पाखरांचा थवा उठला की कुणी विचार करत बसत नाही. थवा जिथं उतरेल तिथं चारी माळ्यांवरून गुंडे जातात. "पाखरू बसंल तिथं गुंडा," असं आत्या म्हणायची. हात आपोआप वळायला हवा, डोक्यापर्यंत विचार जाऊ द्यायचा नाही. माझ्या बाबतीत विचार असाही डोक्यापर्यंत जात नसे, पण हातही वळत नसे.

कासम आमच्याबरोबर होता. ड्यूटी संपली की माळ्याखाली बसायचा. आत्या त्याला भाऊ म्हणायची आणि दर भाऊबीजेला हिंदूंच्या रांजणातलं पाणी प्यायचा त्याला आग्रह करायची. "आक्का, मेरे को सब पानी एकच है," असं तो म्हणायचा. एका सकाळी तो दोन्ही रांजण भरत असताना खाकीवाले आले. पैलवानानं विचारलं, "हिंदूंचं पाणी तू कशाला भरतो?" कासम म्हणाला, "पहलवानजी, प्यास किसकी है, पूछके नहीं आती." त्यांनी त्याला ओढत नेलं, उजवा हात रुळावर ठेवला आणि बाकड्याच्या मोडक्या पायानं मारत राहिले. राखणीवर त्या दिवशी मी होतो. मी आरोळी द्यायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. हे मी लपवत नाही. शेवटी मी गोफण फिरवली, तर गुंडा तिकीटघराच्या पत्र्यावर. त्या आवाजानं ते दचकून पळाले. लोक म्हणाले, रामानं हुशारी केली. आत्यानं मात्र माझ्याकडे नुसतं बघितलं. कासमची बोटं परत कधी मिटली नाहीत. सांध्याचा दांडा तो पुढं डाव्या हातानं ओढायचा.

आठवड्याच्या बाजारादिवशी पैलवान मुद्दाम एकटाच आला. एका बाकड्यावर पाय पसरून बसला, पान खात, माळ्याकडे बघून हसत. फलाटावर पन्नास माणसं होती आणि सगळी भिंतीला चिकटलेली. आत्या माळ्यावर उभी राहिली. तिनं त्याला हाकही मारली नाही. गोफण एकदाच फिरली. आवाज आला, मडकं फुटल्यासारखा. पैलवान तोंडावर हात धरून खाली बसला आणि बोटांतून रक्त, पान आणि चार दात असं सगळं एकदम खाली पडलं. आत्या वरून म्हणाली, "बाकीचे असू दे. जेवायला लागत्याल."

मला तेव्हा हसू आलं होतं. आज वाटतं, ते चार दात फार महागात पडले.

कौसा येणार तो दिवस फाल्गुनातला. ज्वारी काढून झालेली, रान उघडं, ऊन नुसतं भाजत होतं. आत्या सकाळपासून माळ्यावर. खाली आम्ही सहा जण, कासम सांध्यावर. आत्यानं सुईणीला घरी बोलावून ठेवलं होतं, खोली धुतली होती, बाज बाहेर काढून तिच्यावर उकळतं पाणी ओतलं होतं. राखण बदलायची वेळ झाली तेव्हा माझ्या झोळीत एकही गुंडा नव्हता. आदल्या दिवशी गोळे करायची पाळी माझी होती आणि मी झाडाखाली झोपलो होतो. कुणाला सांगायची लाज वाटली. मी कुंपणातून हात घातला आणि रुळाकडेची खडी झोळीत भरली. मला वाटलं, माझा दगड कुणाला लागणार आहे?

दुपारची पॅसेंजर लांबून शिटी देत आली तेव्हा खाकीवालेही आले. ओढ्यातून, पंधरा-वीस जण, कुऱ्हाडी आणि दांडकी घेऊन. पैलवानाच्या तोंडाला फडकं बांधलेलं. त्यांना आमच्याशी बोलायचं नव्हतं. त्यांनी आधी तिकीटखिडकी फोडली, मग स्टेशनमास्तरांना. ते कपाळ धरून खाली पडले. गाडी थांबली तसे ते डब्यांकडे धावले. आत्यानं आरोळी दिली आणि गुंडे सुटले. एकाचं डोकं माझ्यासमोर फुटलं. तो उभ्या उभ्या लघवी करत खाली बसला. दुसऱ्याचा गुडघा उलटा झाला. आमच्यातल्या शंकरच्या खांद्यात कुऱ्हाड बसली आणि ती निघेना, कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या पाठीवर लोंबत राहिला. गाडीतल्या बायकांचं ओरडणं इंजिनाच्याही वर चढलं होतं.

माराच्या भरात टोळी फुटली आणि तिघं-चौघं आडोसा शोधत बायकांच्या डब्याकडे पळाले. पावट्यांवर, दाराखालच्या पायऱ्यांवर चढले, दाराला लोंबकळले. थवा तिथं उतरला. आमचे हात तिथं वळले. माळ्यावरून आत्याचा आवाज आला, मी तसा आवाज पुन्हा कुणाचा ऐकला नाही.

"हात थांबवा! बायामाणसं हायेत आत! हात थांबवा!"

बाकीचे हात थांबले. माझा सुटलेला होता. डोळे मिटून मी गोफण फिरवली होती, आणि माझ्या आयुष्यातला पहिला नीट सुटलेला दगड डब्याच्या खिडकीतून सरळ आत गेला.

आत्या माळ्यावरून उतरली नाही, तिनं उडीच टाकली. कमरेचा विळा काढून ती त्या डब्याकडे धावली. पैलवान दाराची दांडी धरून आत शिरत होता. तिनं दांडीवर विळा मारला. तो खाली पडला, त्याची तीन बोटं पावटीवर राहिली. उरलेले पळाले. त्यातला एक लंगडा मागं राहिला. त्याला गावानं मारलं. मेला. तेव्हा मी तिथं नव्हतो, असं म्हणायची मला सोय आहे, पण मी तिथंच होतो, कुंपणापाशी, ओकत.

कौसा खिडकीपाशी बसली होती. तिची डावी बाजू रक्तानं भरली होती आणि डाव्या डोळ्याच्या जागी काहीच ओळखू येत नव्हतं. ती ओरडत नव्हती. दोन्ही हात पोटावर ठेवून ती म्हणत होती, "आई, पाणी गेलं. आई, पाणी गेलं." तिला उचलून आणायला आम्ही आत गेलो तेव्हा फळीवर ती काळी खडी पडलेली होती. आत्यानं बघितली. माझ्याकडे बघितलं. मग तिनं वाकून ती उचलली आणि खिडकीतून खाली रुळात टाकली. लाखो खड्यांत एक खडी.

घरापर्यंत न्यायला वेळ नव्हता. पार्सलच्या खोलीत, सारवलेल्या जमिनीवर, कौसा मोकळी झाली. कासमनं डाव्या हातानं आणि दातांनी चादर धरून दारावर आडोसा केला. रक्तबंबाळ स्टेशनमास्तरांनी सिग्नल पाडला नाही, मूल रडेपर्यंत गाडी उभी ठेवली. मुलगी झाली. हातभरसुद्धा नव्हती. जगली.

संध्याकाळी पोलिसांचे अमीन, म्हणजे फौजदार, आले. एक माणूस मेलेला, एकाची बोटं तुटलेली, एका प्रवासी बाईचा डोळा गेलेला. डोळ्याच्या बाबतीत त्यांनी विचारलं, "गाडीवर दगड कुणी मारला?" मी पुढं झालो. खरंच झालो, एक पाऊल. आत्याचा हात माझ्या छातीवर आडवा आला.

"मी मारला. हात चुकला."

अमीन हसले. "अपनी बेटी को?"

"व्हय. आपल्याच लेकीला. लिहून घ्या."

तिला परभणीच्या तुरुंगात नेलं. बोटांसाठी आणि डोळ्यासाठी. कौसाला मी दर चार दिवसांनी दवाखान्यात पट्टी बदलायला त्याच गाडीनं परभणीला नेत होतो. गाडी थांबत होती. पैलवान पुन्हा दिसला नाही. भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं, तुरुंग उघडले आणि आत्या चालत घरी आली. हाडाचा सापळा. दारात उभी राहिली आणि पहिलं वाक्य, "रामा, बाभळीचं कुंपण कुणी नीट करायलंय का न्हाई?"

त्या रात्री नव्हे, दोन-तीन दिवसांनी, गोठ्यात मी तिच्या पायावर पडलो. म्हणालो, मी सांगतो सगळ्यांना. मला वाटलं आता पाचवी बसेल. बसली असती तर बरं झालं असतं.

"गप," ती म्हणाली, म्हशीच्या सडावरचा हात न थांबवता. "आईनं मारलं तर लेकरू इसरतं. मामाच्या पोरानं डोळा फोडला म्हणलं की दोन घरांत वैर पडतंय, फुडच्या दोन पिढ्या बसून खातंय. तुझा बाप माझ्या दारात येईल का मग? आनि तुझं लगीन व्हायचंय. खडी मारणाऱ्याला पोरगी कोण देतंय?"

"पण लोक तुला..."

"लोकांचं काय. त्यांनी पैल्यापास्नं माझ्या हाताला नाव ठिवलंय. आता एक कारन गावलं."

आणि लोकांनी ते पुरेपूर वापरलं. विहिरीवर, जात्यावर, लग्नाच्या पंक्तीत. "लेकीचा डोळा फोडणारी" हे तिचं नाव पडलं, गोफणआत्या मागं गेलं. पोरांना दटावायचं तर बाया म्हणायच्या, "थांब, त्या म्हातारीकडं देते." कौसाचं तर त्याहून वाईट. सासरच्यांनी दोन वर्षं वाट बघायला लावली, मग काणी सून नको असा निरोप आला, नवऱ्यानं दुसरी केली. ज्या गाडीतून उतरावी म्हणून आत्यानं गाव उभं केलं, त्या गाडीत बसून कौसा पुन्हा सासरी कधी गेली नाही. आत्यानं माळा मोडला आणि त्या बल्ल्यांची बाळासाठी न्हाणी बांधली. गोफण ती पुढं वापरत असे, पण आपल्या रानात, पाखरांसाठी. स्टेशनाची राखण मात्र तिनं आमच्या हाती दिली. मी आठ-नऊ वर्षं पाळी केली. रिकाम्या हातानं. आरोळी द्यायला शिकलो तेवढं.

माझं लग्न झालं, मुलं झाली, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो, पोट सुटलं. दर दिवाळीला, दर संक्रांतीला आत्याकडे जेवायला जायचो. कौसा वाढायची. एका बाजूनं वाढायची, म्हणजे मी तिच्या उजवीकडे बसलेलो असायचो. डावीकडे बसायची मला हिंमत झाली नाही. तिच्या मुलीला मी गणित शिकवलं, ती नापास झाली नाही, एवढा चमत्कार माझ्या हातून घडला. आत्या म्हातारपणी मऊ झाली असं लोक म्हणायचे. खोटं आहे. मरणाच्या आठ दिवस आधी तिनं डॉक्टरच्या थोबाडीत दिली, सुई टोचायच्या आधी विचारलं नाही म्हणून.

तिचं तेरावं झालं, पाहुणे गेले. परसात कौसा आणि मी. ती ज्वारी निवडत होती. आत्याचं आता काही बिघडणार नव्हतं, आणि माझी मुलं मोठी झाली होती, तेव्हा मला धैर्य आलं. स्वस्तातलं धैर्य, पण आलं. मी म्हणालो, "कौसा, तुझा डोळा आत्यानं न्हाई फोडला."

तिनं मान वर केली नाही. "म्हाईत हाय."

"आत्यानं सांगितलं?"

"आई कशाला सांगती?" ती हसली, खडे बाजूला टाकत. "दादा, आईच्या माळ्याखाली मी वाढले. तिचा गुंडा कवा चुकला का? पैल्याच दिवशी कळलं मला. दवाखान्यात तू पट्टी बदलताना बघत बसायचास ना, माझ्यापेक्षा तूच जास्त रडायचास. आंधळ्यालाबी कळलं असतं. मला तर एक डोळा होता."

मी विचारलं, "मग एवढी वर्षं बोलली का न्हाईस? शिव्या तरी द्यायच्यास."

"दिल्या असत्या तर तू आला असतास का दिवाळीला?" ती म्हणाली. "तू न्हाई, मामा न्हाई, कुणीच न्हाई. नवरा गेला, सासर गेलं, मग माहेरबी घालवू व्हय? आईला वाटायचं मला पटलंय. तिला तेवढंच सुख. मी म्हणलं, असू दे."

मी काहीतरी माफीचं बोलायला लागलो. तिनं सूप माझ्याकडे सरकवलं.

"ते ऱ्हाऊ दे. तुला खडे दिसतात का बघ, मला आता बारीक दिसंना झालंय. आनि येत्या रविवारी पोरीला बघायला पाव्हणे यायलेत. मामा म्हणून तूच बसायचास. डाव्या बाजूला बस माझ्या, तिकडचं मला दिसत न्हाई, कोण काय बोलायलंय ते सांगत जा."